ओसाड माळावरील वस्ती : पंडिता रमाबाई

उजाड माळावर पहिली विहीर कोणी खणविली, पहिले रोप कोणी लावले, पहिल्या रात्री उघड्या आकाशाखाली कोण निजले, हे पुढील पिढ्यांना क्वचितच ठाऊक असते. झाडे वाढतात, घरे उभी राहतात, मंदिरात घंटा वाजू लागते, आणि ही भूमी जणू सदैव अशीच होती असा भास होतो. आपल्या कन्हेरीच्या आसमंतात व बारामती-इंदापूरच्या मुलखात आज जिकडे तिकडे ऊस डोलताना दिसतो. परंतु १८८५ च्या सुमारास नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी ह्या भागात खेळू लागले, त्यापूर्वी हा सारा प्रांत मृगाच्या ढगांकडे डोळे लावून बसणारा होता. पाऊस आला तर बाजरी, न आला तर बैलांसह देशोधडी, असा येथील कुणब्याचा जन्मक्रम होता.

ह्याच कोरड्या पट्ट्यात, आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगाव स्टेशनाजवळ एका विधवा विदुषीने शंभर एकरांच्या सुमाराची उजाड जमीन विकत घेऊन तीवर वस्ती वसविली. तिचे नाव पंडिता रमाबाई. त्यांच्या पांडित्याची, परदेशगमनाची व समाजसुधारणेची कथा पुष्कळांनी पुष्कळ वेळा सांगितली आहे. ह्या ज्युबिलीच्या प्रसंगी त्यांच्या चरित्राकडे आपण एका निराळ्या बाजूने पाहणार आहोत. माळावर वस्ती करणारी स्त्री ह्या नात्याने त्या कोण होत्या, ती वस्ती कशी उभी राहिली व का टिकली, एवढाच आपला विषय आहे. रमाबाई आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेत नव्हत्या, हे वाचकांस ठाऊक आहेच. तथापि शेजाऱ्याच्या शेतातील चांगले पीक पाहून आनंद मानण्यास कोणाचीही आडकाठी नसावी.

रमाबाईंच्या आधी त्यांच्या वडिलांनी वस्ती केली होती, आणि ती मोडली होती. त्या मोडलेल्या घरापासूनच ही कथा सुरू करणे प्राप्त आहे.

गंगामूळचे अरण्य

अनंतशास्त्री डोंगरे हे कर्नाटकातील मंगळूरकडचे चित्पावन ब्राह्मण. तरुणपणी ते विद्येसाठी पुण्यास आले. त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात राणीस संस्कृत शिकवीत असत. स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक निघू शकतात हे तेथे प्रत्यक्ष पाहून शास्त्रीबोवांनी आपल्याही पत्नीस ती विद्या देण्याचा निश्चय केला. पहिल्या पत्नीच्या हयातीत तो तडीस गेला नाही. पुढे यात्रेत असता गोदावरीकाठी एका प्रवासी ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची कन्या त्यांस दिली. तीच लक्ष्मीबाई, रमाबाईंची माता. शास्त्रीबोवा तिला घरी घेऊन गेले व तिला संस्कृत शिकवू लागले. नातलगांनी व गावाने विरोध केला. उडुपीस विद्वानांच्या सभेपुढे त्यांना उत्तर द्यावे लागले, आणि शास्त्राधार दाखवून त्यांनी ते दिलेही. परंतु सभेत जिंकता येते म्हणून गावात सुखाने नांदता येतेच असे नाही.

तेव्हा त्यांनी गाव सोडला. तुंगा, भद्रा व नेत्रावती ह्या नद्यांच्या उगमाजवळ, सह्याद्रीच्या घनदाट रानात, गंगामूळ नावाच्या ठिकाणी ते बालपत्नीस घेऊन गेले. पहिल्या रात्री डोक्यावर छप्पर नव्हते. दरीपलीकडे वाघ गर्जत होता, आणि ती मुलगी पासोडीत अंग गुंडाळून भयाने निपचित पडली होती. शास्त्रीबोवा रात्रभर जागत तिच्या उशाशी बसून राहिले. पुढे झोपडी झाली, झोपडीचे घर झाले, शेतीभाती झाली, दूरदूरचे विद्यार्थी येऊन राहू लागले. त्याच अरण्यात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

हे घर कोणत्या कारणाने मोडले? वाघाने नव्हे, दुष्काळानेही नव्हे. ते मोडले अतिथ्याने. नदीच्या उगमाशी विद्वान शास्त्री राहतात ही कीर्ती पसरली, आणि यात्रेकरूंची रीघ लागली. दारी आलेल्यास नाही म्हणणे शास्त्रीबोवांस ठाऊक नव्हते. साठविलेले सरले, कर्ज झाले, आणि जमीनजुमला हातचा गेला. रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असता घर सुटले. वेताच्या पेटाऱ्यात निजविलेले ते अर्भक गड्याच्या डोक्यावरून डोंगर उतरले. जिने पुढे हजारोंना घर दिले, तिच्या आयुष्याचा आरंभ असा घर गमावून झाला.

अनवाणी वर्षे

त्यानंतर ह्या कुटुंबाला ठाव राहिला नाही. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास पायी जावे, देवळाच्या ओसरीवर पुराण सांगावे, श्रोते जी दक्षिणा देतील तीवर पोट भरावे, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. मातेने मुलीस पहाटे उठवून भागवत शिकविले. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे सुमारे अठरा हजार श्लोक रमाबाईंस मुखोद्गत झाले होते. एवढी विद्या त्या काळी कोणत्याही राजकन्येस लाभली नसेल.

परंतु ह्या विद्येला एक उणीव होती, आणि ती पुढे प्राणावर बेतली. श्लोक म्हणण्यावाचून कोणतेही काम त्या मुलांस शिकविलेले नव्हते. हातांनी मजुरी करणे कुळास कमीपणाचे मानले जाई. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा पुराण ऐकावयास कोण येणार? जवळचे होते नव्हते ते विकून झाले. शास्त्रीबोवा वृद्ध झाले होते, त्यांची दृष्टी गेली होती. कुटुंब रानात शिरले, आणि कित्येक दिवस झाडपाल्यावर राहिले. अखेरीस वृद्ध पित्याने जलसमाधी घेण्याचे ठरविले. तेव्हा पुत्र श्रीनिवास पुढे झाला, आणि कुळाचा अभिमान सोडून आपण मजुरी करू असे त्याने सांगितले. पण तोवर फार उशीर झाला होता. पिता गेला, काही आठवड्यांतच माता गेली, पुढे थोरली बहीण कृष्णाबाई पटकीने गेली. उरली ती दोघे भावंडे.

ती दोघे दक्षिणेपासून काश्मीरपर्यंत व तेथून बंगालपर्यंत सुमारे चार हजार मैल पायी फिरली. झेलम नदीच्या काठी थंडीने जीव जाऊ लागला तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि कोरडी वाळू अंगावर ओढून घेऊन रात्र काढली. मातीची ऊब म्हणजे काय हे रमाबाई अशा रीतीने शिकल्या.

१८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. अन्नाला महाग झालेली मुलगी एका दिवसात देशभर प्रसिद्ध झाली. परंतु दैवाचे फेरे संपले नव्हते. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा, म्हणून दोन्हीकडून बहिष्कार आला. १८८१ च्या एप्रिलात कन्या मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीस नेले. चोविसाव्या वर्षी तान्ह्या मुलीस कडेवर घेऊन रमाबाई पुण्यास आल्या.

विहिरीकाठची स्त्री

पुण्यात न्यायमूर्ती रानडे, भांडारकर आदी मंडळींनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाज निघाला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक छापले, हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी व स्त्रीडॉक्टरांच्या गरजेविषयी साक्ष झाली. १८८३ मध्ये वैद्यक शिकण्याच्या हेतूने त्या इंग्लंडास गेल्या, आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात उतरल्या. कानांस कमी ऐकू येऊ लागल्यामुळे वैद्यकाचा विचार सोडावा लागला, परंतु तेथे त्यांस दुसरेच काही लाभले.

लंडनजवळ फुलहॅम येथे त्या भगिनी पतित ठरलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रम चालवीत. ज्या स्त्रियांना समाजाने उंबरठ्याबाहेर टाकले, त्यांची शुश्रूषा कुलीन स्त्रिया आपल्या हातांनी करीत होत्या. हे कोणत्या बळावर होते असे रमाबाईंनी विचारिले. तेव्हा एका भगिनीने त्यांस योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. भर दुपारी एकटी विहिरीवर पाणी भरावयास आलेली ती बाई, आणि तिच्याकडे पाणी मागून तिलाच जिवंत पाणी देऊ करणारा प्रभू, ह्या गोष्टीने त्यांचे मन पालटले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व लहान मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेस गेल्या व अडीच वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या. सारा देश त्यांनी पालथा घातला, आणि परत येताना आगगाडीने पश्चिम किनाऱ्यास जाऊन सॅन फ्रान्सिस्कोहून जहाज धरले. तो काळ तेथील माळरानांवर नव्या वस्त्यांचा होता. १८६२ च्या कायद्याने जो कोणी १६० एकर सरकारी जमिनीवर पाच वर्षे राहून ती कसून दाखवील, त्यास ती अल्पशा फीवर मिळत असे. हजारो गरीब कुटुंबे गवताच्या ढेकळांची घरे बांधून तेथे राहत होती. ती भूमी ज्या मूळ रहिवाशांची होती त्यांस मात्र हुसकून लाविले गेले, हेही विसरता येत नाही. रमाबाईंनी त्या देशाचे वर्णन मराठीत लिहून १८८९ साली प्रसिद्ध केले. केडगावच्या माळावर अशी कोणतीही सरकारी देणगी त्यांची वाट पाहत नव्हती. जी जमीन घ्यावयाची ती दाम मोजूनच.

शंभर एकर

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. उच्च वर्णातील बालविधवांस शिक्षण द्यावे, त्यांच्या धर्माचरणात ढवळाढवळ करू नये, असा त्याचा नियम होता. पुढच्याच वर्षी सदन पुण्यास आले. सदनातील विद्यार्थिनी गोदूबाई हीच पुढे महर्षी कर्वे ह्यांची पत्नी आनंदीबाई झाली. परंतु रमाबाईंच्या सकाळच्या प्रार्थनेस काही मुली आपण होऊन बसू लागल्या, आणि १८९३ मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतले, पालकांनी मुली नेल्या. दोन्ही बाजूंस सज्जन होते, व दोन्ही बाजूंस दुःख झाले. ज्या रानडे-भांडारकरांनी एके काळी त्यांस मायेने सांभाळिले, त्यांचाच दुरावा सोसणे रमाबाईंस सोपे गेले नसेल.

त्यातच दुसरी चिंता होती. अमेरिकेतील मित्रांनी दिलेले साह्याचे वचन दहा वर्षांचे होते. ती मुदत सरली म्हणजे मुलींनी खावे काय? पित्याच्या घरी जे घडले ते त्या विसरल्या नव्हत्या. दार उघडे ठेवावयाचे तर घरामागे शेत पाहिजे, आणि शेतात पाणी पाहिजे. म्हणून त्यांनी पुण्याच्या आग्नेयेस सुमारे ३४ मैलांवर, रेल्वेच्या कडेला, केडगाव येथे शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली. विहिरी खणविल्या, आणि आंबे, संत्री, लिंबे लावून फळबाग उठवावी, तिच्या उत्पन्नावर सदन चालावे, असा बेत केला. ज्यांनी भीमथडीच्या माळावर चैत्र-वैशाख काढला आहे, त्यांस अशा जमिनीत कलम जगविणे म्हणजे काय हे सांगावयास नको. खालून मुरूम, वरून ऊन. विहिरीस झरा लागेपर्यंत जीव टांगणीला.

झाडांस फळ येण्याची वाट पाहण्यास मात्र काळाने उसंत दिली नाही. १८९६ च्या अखेरीस मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. वर्तमानपत्रातील हकीकती वाचून रमाबाईंस स्वतःची ती रानातील वर्षे आठवली. त्या तिकडे गेल्या. मदतकेंद्रांतून व रस्त्यांच्या कडेला हाडांचे सापळे झालेल्या मुली, आणि त्या मुलींवर टपलेली दुष्ट माणसे, ही दोन्ही त्यांनी पाहिली. सदनात तेव्हा पन्नास-साठ मुलींची सोय होती. त्यांनी तीनशे मुली आणण्याचा निश्चय केला, आणि तो पार पाडला.

ह्या मुली उच्च वर्णाच्याच नव्हत्या. कुणबी, कारागीर, रानातल्या, नाव-गाव सांगता न येणाऱ्या, अशा सर्व होत्या. तेव्हाच पुण्यात प्लेगने थैमान मांडले होते, व शहरात एवढी नवी गर्दी ठेवण्यास अधिकाऱ्यांची संमती नव्हती. मग फळांसाठी घेतलेल्या माळावर माणसेच आली. तंबू ठोकले, गवताच्या झोपड्या उभारल्या, मोठ्या चुलींवर अन्न शिजू लागले. कित्येक मुली इतक्या खंगल्या होत्या की, पोटात अन्न पडल्यावरही त्या वाचल्या नाहीत. माळावरील वस्तीची पहिली वर्षे सर्वत्र अशीच असतात. घरांबरोबर थडगीही उभी राहतात.

सप्टेंबर १८९८ मध्ये ह्या वस्तीचे रीतसर उद्घाटन झाले, व तिला मुक्ती हे नाव मिळाले.

हातांची विद्या

१८९९-१९०० मध्ये पुन्हा दुष्काळ आला. ह्या वेळी गुजरात व काठेवाड होरपळले. रमाबाईंनी आपली माणसे तिकडे धाडली. दार पुन्हा उघडे राहिले, आणि मुक्तीची लोकसंख्या दोन हजारांच्या घरात गेली. ज्या माळावर काही वर्षांपूर्वी वस्ती नव्हती, तेथे आता आपल्याकडील एखाद्या मोठ्या गावाइतकी माणसे रोज जेवत होती.

वाचकहो, येथेच ह्या चरित्राचा कणा आहे. पित्यानेही दार उघडेच ठेविले होते, आणि त्याच दाराने घर बुडाले. कन्येने त्याहून शतपट अधिक पाहुणे घेतले, आणि वस्ती तरली. हे कसे झाले? परदेशातून देणग्या येत होत्या, हे एक कारण खरे. रमाबाईंनी ते कधी लपविले नाही; मिळालेल्या पैशाचा हिशेब देण्यात त्या काटेकोर होत्या. पण दुसरे कारण असे की, मुक्तीत कोणीही केवळ पाहुणी म्हणून राहिली नाही. शेतात खुरपणी, गोठ्यात दूध, मागावर कापड, घाणीवर तेल, शिवण, धुणे, शाळा, छापखाना, ही सारी कामे मुलींनीच करावयाची. ब्राह्मणाची विधवा व रानातील अनाथ मुलगी एकाच मागाच्या दोन बाजूंस बसत. अठरा हजार श्लोक पाठ असूनही भाकरी मिळविता न आल्याने आईबाप डोळ्यांदेखत गेले, ह्या एका आठवणीतून ही सारी व्यवस्था निघाली होती. रमाबाईंनी विद्येला कमी लेखिले नाही; मुक्तीत शाळाही होती व शिक्षकिणीही तयार होत. त्यांनी विद्येच्या जोडीला विळा आणि चरक दिला इतकेच.

आंधळ्या मुलींसाठी निराळे घर झाले. मनोरमाबाईंनी अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून ती त्या मुलींस शिकविली, आणि बोटांनी वाचणाऱ्या मुली टोपल्या विणून स्वतःचे अन्न मिळवू लागल्या. वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी प्रीती सदन निघाले. आणि ज्या स्त्रियांस कोणीच घेत नसे, त्यांच्यासाठी कृपा सदन उभे राहिले. फुलहॅमच्या आश्रमात ऐकलेली विहिरीकाठची गोष्ट केडगावच्या माळावर अशी दगडमातीत उतरली.

स्वतः रमाबाई साध्या पांढऱ्या लुगड्यात वावरत. मांसाहार त्यांनी कधी केला नाही, भाषा शुद्ध मराठी ठेविली, राहणी एतद्देशीय ठेविली. परदेशी मित्रांचे उपकार मानूनही स्वतःची बुद्धी त्यांनी कोणाच्या स्वाधीन केली नाही. ह्या स्वतंत्र स्वभावामुळे त्यांच्यावर दोन्हीकडून टीका झाली. पूर्वीचे धर्मबंधू त्यांस परकी म्हणत, आणि काही पाद्रीमंडळी त्यांस हट्टी म्हणत.

अखेरचे काम

उतारवयात त्यांनी आणखी एक पडीक शेत नांगरावयास घेतले. बायबलचे जे मराठी भाषांतर प्रचलित होते, ते खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीस समजत नाही असे त्यांस वाटे. म्हणून पन्नाशीच्या सुमारास त्यांनी हिब्रू व ग्रीक ह्या मूळ भाषांचा अभ्यास केला, आणि संपूर्ण बायबल साध्या मराठीत उतरविण्यास हात घातला. हे काम सुमारे अठरा वर्षे चालले. खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, छापणे, बांधणे, सारे मुक्तीच्या छापखान्यात झाले. आणि करणाऱ्या त्याच मुली होत्या, ज्यांस दुष्काळाच्या साली आपले नावही लिहिता येत नव्हते.

१९१९ मध्ये सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले. परंतु त्यांची खरी मिळकत मनोरमाबाई होत्या. मातेने सारा भार हळूहळू त्यांच्याकडे सोपविला होता. मुक्तीचा कारभार पाहून शिवाय गुलबर्ग्यास मुलींची शाळा त्यांनी उभी केली होती. श्रमाने त्यांची प्रकृती ढासळली, आणि २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षात, त्या मातेच्या आधी गेल्या. पिता, माता, बहीण, भाऊ, पती, आणि आता एकुलती एक लेक. रमाबाईंच्या रक्ताचे असे जवळचे कोणी उरले नाही.

त्या खचून बसल्या नाहीत. बायबलचे काम उरले होते. त्यांनी आपल्यापाशी उरलेले दिवस त्याच एका कामास दिले. भाषांतराची अखेरची तपासणी पुरी झाली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी, चौसष्टावा वाढदिवस काही दिवसांवर आला असता, त्यांनी देह ठेविला. ज्या माळावर त्यांनी पहिले तंबू ठोकले, त्याच माळावर त्यांचे थडगे आहे. संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये छापून निघाले.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे, व आजही तेथे निराधार स्त्रिया आणि मुले आश्रय घेतात. १९८९ मध्ये भारत सरकारने रमाबाईंच्या नावे टपालतिकीट काढिले. इंग्लंडच्या ख्रिस्तसभेने त्यांचे स्मरण आपल्या पंचांगात घातले आहे. आणि दौंडकडून पुण्यास जाणारी गाडी केडगावला थांबली म्हणजे आपल्या बारामतीकडचा उतारूही ते नाव पाटीवर वाचतो, आणि बहुधा न थांबता पुढे जातो.

उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाची एक गोष्ट आहे. त्याच्या पित्याच्या वेळच्या विहिरी शत्रूंनी मातीने बुजविल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उपसल्या, आणि पित्याने दिलेली नावेच त्यांस पुन्हा दिली. रमाबाईंनी गंगामूळच्या अरण्यात बुजलेली पित्याची विहीर केडगावच्या माळावर उपसली असे म्हटले तर वावगे होणार नाही. पित्याचा धर्म त्यांनी सोडला. पित्याचे दोन निश्चय मात्र सोडले नाहीत. स्त्रीस विद्या द्यावयाची, आणि दारी आलेल्यास परत लावावयाचे नाही. पित्यास जे साधले नाही ते त्यांनी त्या निश्चयांस जोडून दिले : अन्न पिकविणारी भूमी व काम जाणणारे हात.

ज्युबिलीच्या उत्सवात आपण आपल्या मंदिराच्या भिंतींकडे, शाळेच्या इमारतींकडे व वाढलेल्या कुटुंबांकडे कौतुकाने पाहतो, आणि ते योग्यच आहे. आपल्यापैकी किती जणांचे आजे-पणजे अशाच एखाद्या दुष्काळाच्या साली, अशाच एखाद्या उघड्या दारातून आत आले असतील, ह्याचाही त्या वेळी विचार व्हावा. वस्तीचे वय वर्षांनी मोजतात. तिची जीवनशक्ती मात्र एवढ्यावरच ठरते की, तिचे दार अजून उघडे आहे काय, आणि आत येणाऱ्यास तेथे भाकरीबरोबर भाकरी मिळविण्याचे सामर्थ्यही मिळते काय. केडगावच्या माळावरील ते साधे थडगे शंभर वर्षे हाच प्रश्न विचारीत आहे. त्याचे उत्तर आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घराने आपापल्या उंबरठ्यावर उभे राहून द्यावयाचे आहे.